टाइपिस्टचे दुःख आणि तिची रजा

जीन नेगुलेस्को यांचा 'द बेस्ट ऑफ एव्हरीथिंग' हा १९५९ सालचा अमेरिकी चित्रपट न्यूयॉर्कमधल्या एका सकाळी सुरू होतो. पदपथांवरून झपाझप चालणाऱ्या तरुण मुली उंच इमारतींच्या दारांतून आत शिरताना दिसतात आणि पाहता पाहता त्या गर्दीतली एक मुलगी, कॅरोलाइन बेंडर, फॅबियन पब्लिशिंग या पुस्तके छापणाऱ्या मोठ्या कंपनीत सेक्रेटरीची नोकरी मागायला येऊन उभी राहते. रोना जॅफी यांच्या १९५८ सालच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. जॅफी स्वतः न्यूयॉर्कच्या प्रकाशनव्यवसायात नोकरी करत होत्या आणि ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्या विशीतच होत्या. कचेरीतल्या मुलींची दिवसभराची धावपळ, त्यांची आपसांतली कुजबुज आणि वरिष्ठांच्या केबिनकडे पाहण्याची त्यांची नजर हे सगळे त्यांनी आतून पाहिलेले होते, आणि कथा पडद्यावर गेल्यावरही ते पुष्कळसे टिकून राहिले आहे.

कॅरोलाइनला तिथे दोन मैत्रिणी मिळतात. ग्रेग अॅडम्सला नटी व्हायचे आहे आणि ती टंकलेखनावर पोट भरते. एप्रिल मॉरिसन साधीभोळी, शहराला नवखी मुलगी आहे. तिघी एका लहानशा घरात एकत्र राहतात. कॅरोलाइनचे ज्याच्याशी लग्न ठरले आहे तो तरुण परदेशी जातो आणि तिथे श्रीमंताघरच्या मुलीशी लग्न करून मोकळा होतो. एप्रिलला एका धनिक तरुणापासून दिवस जातात, आणि लग्नाला नेतो असे सांगून तो आपल्याला गर्भपातासाठी घेऊन चालला आहे हे कळताच ती धावत्या मोटारीतून उडी टाकते. ग्रेग एका नाट्यदिग्दर्शकात इतकी गुंतते की त्याने दूर लोटल्यावर तिचे भान सुटते आणि शेवटी इमारतीच्या बाहेरच्या जिन्यावरून पडून ती मरते. या तिघींच्या डोक्यावर अमांडा फॅरो ही कडक संपादिका आहे. जोन क्रॉफर्ड यांनी साकारलेली ही बाई पन्नाशीकडे झुकलेली, हुशार आणि एकटी आहे. शिवाय शालिमार नावाचे एक वयस्क मुख्य संपादक आहेत, ज्यांचे हात मुलींच्या अंगाला लागल्याशिवाय राहत नाहीत.

कुणाला हा सारा रडका सिनेमा वाटेल. मला तो आजही महत्त्वाचा वाटतो, आणि तो जिथे चुकतो ती जागा तर फारच महत्त्वाची वाटते, कारण नागपूरसारख्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलींविषयी आपण जे बोलतो, त्यात अगदी तीच चूक आपण रोज करत असतो.

चित्रपटाला कचेरी नेमकी ठाऊक आहे. सेक्रेटरीच्या कामाला ठरलेली मर्यादा नसते, वरिष्ठ बाईचा कॉफीचा कपसुद्धा तिच्या कामात मोडतो. हुशारी दाखवली तर वरच्यांना ती खुपते, न दाखवली तर वर्षानुवर्षे त्याच टेबलावर बसून राहावे लागते. कॅरोलाइन हस्तलिखिते वाचून आपले मत लिहू लागते आणि तिथून वाचक, मग संपादक अशी वर चढते. हा प्रवास चित्रपटाने मन लावून दाखवला आहे. शालिमार एप्रिलला कचेरी सुटल्यावर कामासाठी थांबवून घेतात, तेव्हा 'थांबावे लागेल' या साध्या सूचनेत नोकरीतल्या मुलीला काय काय ऐकू येते, तेही पडद्यावर स्पष्ट आहे. इतकी जाण असलेल्या कथेकडून पुढे कामाच्या अटींविषयी काहीतरी निघावे अशी अपेक्षा होते. ते निघत नाही. पटकथा कामातला प्रत्येक पेच उचलते आणि हृदयाच्या खात्यावर जमा करते. शालिमारांचा चाळा हसण्यावारी जातो. एप्रिलवर कोसळलेल्या संकटाचा शेवट इस्पितळातला एक सज्जन डॉक्टर तिच्या प्रेमात पडण्यात होतो. ग्रेगला मरावे लागते. अमांडाचे एकटेपण तिच्या महत्त्वाकांक्षेची किंमत म्हणून दाखवले जाते. आणि कॅरोलाइनला, जिने केवळ स्वतःच्या बुद्धीवर खुर्ची मिळवली, तिला शेवटच्या दृश्यात इमारतीबाहेर माइक नावाचा सहकारी भेटतो, आणि ती त्याच्यासोबत चालू लागते. नोकरीच्या फार मागे लागू नकोस, लग्न करून मोकळी हो, असे सुरुवातीला तिला सुचवणारा तो हाच माइक आहे.

त्या काळच्या हॉलिवूडवर निर्मितीसंहितेचा अंमल होता. विवाहबाह्य संबंध आकर्षक करून दाखवायचे नाहीत, 'चुकलेल्या' माणसाला त्याचे फळ मिळालेले दाखवायचे, असा त्या संहितेचा कल होता आणि गर्भपात तर उघडपणे मांडता येण्याजोगा विषयच नव्हता. त्यामुळे सगळा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण कादंबरीतल्या मुलींना जे बरेवाईट आयुष्य मिळाले होते त्यातले पुष्कळ पडद्यावर शिक्षा आणि बक्षीस या दोनच पेट्यांत भरले गेले, हेही खरे आहे.

तरी मी मेलोड्रामाला कमी लेखणार नाही. मराठी माणसाने तर ते मुळीच करू नये. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख आधी घराघरांत माहीत असलेले आणि तरीही खासगी समजले जाणारे होते. नाटकाने ते सभागृहात आणले, शेकडो माणसांना एकाच वेळी रडवले आणि जरठ-कुमारी विवाह ही लाजेची गोष्ट करून ठेवली. निबंधांनी आणि ठरावांनी जे काम हळूहळू चालवले होते त्याला त्या अश्रूंनी बळ दिले. भावनाप्रधान कथेची ताकद इथे असते: ज्याच्याकडे कुणी पाहत नाही त्याच्या सुखदुःखाला ती पूर्ण मोठेपणा देते. नेगुलेस्को यांच्या चित्रपटातली टाइपिस्ट राजकन्येच्या थाटात रडते, आणि तिच्या रडण्यासाठी पडद्याची सगळी रुंदी आणि सगळे वाद्यवृंद खर्ची पडतात, ही त्या टाइपिस्टची प्रतिष्ठाच आहे. देवलांच्या नाटकात आणि या चित्रपटात फरक इतकाच की तिथे अश्रू एका प्रथेकडे बोट दाखवतात, इथे ते मुलीच्याच स्वभावाकडे वळवले जातात.

आता आपल्या शहराकडे येऊ. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, वर्धा अशा सगळ्या बाजूंनी मुली नागपुरात कामाला येतात. काही मिहानमधल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत आहेत, काही धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांत परिचारिका आहेत, काही सीताबर्डीच्या कापडदुकानांत आणि इतवारीच्या सराफ्यात काउंटरमागे उभ्या आहेत, काही बँकांत, शिकवणी वर्गांत, पार्लरमध्ये आहेत. त्या प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मानेवाडा, नंदनवन अशा वस्त्यांत पेइंग गेस्ट म्हणून, एका खोलीत तिघी-चौघी राहतात. या मुलींवर चर्चा निघाली की ती कुठून कुठे जाते ते पाहावे. पगार किती, सुट्टी मिळते का, दिवसभर उभे राहून पाय सुजतात त्याचे काय, हे प्रश्न दोन मिनिटांत संपतात. मग उरलेला सगळा वेळ ती रात्री किती वाजता येते, फोनवर कुणाशी बोलते, खाली सोडायला कोण आले होते, यावर जातो. एखादीवर प्रसंग ओढवला तर पहिला प्रश्न ती तिथे त्या वेळी काय करत होती हा असतो. म्हणजे कामातला पेच उचलून चारित्र्याच्या खात्यावर टाकण्याचे, त्या पटकथेने केलेले काम, इथे शेजारी, घरमालक, नातेवाईक आणि कधी कधी वर्तमानपत्रेही करतात.

खोली घेताना ठरणारे नियम हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. नऊ किंवा साडेनऊला फाटकाला कुलूप लागते. उशीर झाला तर घरी फोन जातो. पाहुणा चालत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. यांपैकी एकही नियम मुलग्यांच्या खोल्यांना लावला जात नाही, आणि याचे समर्थन नेहमी सुरक्षिततेच्या नावाने होते. आता याच्या शेजारी महाराष्ट्राचा २०१७ सालचा दुकाने व आस्थापना अधिनियम ठेवून पाहावा. त्याच्या कलम १३ नुसार स्त्रीला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीने काम करता येते. मात्र तिच्या प्रतिष्ठेचे आणि सुरक्षिततेचे रक्षण, लैंगिक छळापासून संरक्षण आणि कामाच्या जागेपासून थेट तिच्या घराच्या दारापर्यंत वाहन या गोष्टी मालकाने पुरवल्या पाहिजेत. दारापर्यंत हा शब्द कायद्यानेच वापरलेला आहे. म्हणजे कायदा मुलीला रात्री अकरा वाजता सुखरूप दाराशी आणून सोडतो आणि ते दार दीड तासापूर्वी बंद झालेले असते.

याचा परिणाम केवळ गैरसोयीत संपत नाही. ज्या रुग्णालयात दुसरी पाळी नऊला सुटते तिथली परिचारिका ती पाळी टाळते किंवा रोज घरमालकिणीची मिनतवारी करते. ज्या कंपनीत परदेशी ग्राहकांसाठी रात्रीचे काम असते आणि त्याला वेगळा भत्ता असतो, तो भत्ता तिच्यासोबत लागलेल्या मुलाला मिळतो. वर्षभराने बढतीची वेळ येते तेव्हा वरिष्ठ सहजपणे म्हणतो की हा कधीही थांबायला तयार असतो. हे त्याचे म्हणणे खोटेही नसते. फाटकाच्या कुलपाने तिच्या बढतीचा निर्णय आधीच घेऊन टाकलेला असतो, आणि त्या निर्णयाची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

आईवडिलांच्या भीतीला मी हसणार नाही. वणी किंवा अहेरीकडच्या घरातून मुलीला पहिल्यांदा शहरात पाठवताना जी काळजी वाटते ती खरी आहे, आणि तिच्यामागे रोज वाचल्या जाणाऱ्या बातम्या आहेत. रात्रीचा रस्ता स्त्रीला सुरक्षित नाही हे खोटे मानून कोणताही युक्तिवाद पुढे जाऊ शकत नाही. माझे म्हणणे असे आहे की या भीतीची सगळी किंमत फक्त मुलीकडून वसूल होते. रस्त्यावरचे दिवे महापालिकेचे असतात, बसची शेवटची फेरी वाहतूक यंत्रणेची असते, वाहन पुरवण्याची जबाबदारी मालकाची असते आणि गस्त पोलिसांची असते. या चौघांपैकी कुणाकडेही हिशेब न मागता आपण मुलीच्या घड्याळाला कुलूप लावतो. शिवाय त्या कुलपाने ती सुरक्षित होते असेही नाही. उशीर झालेली मुलगी फाटक बंद पाहून कुठे जाते, मैत्रिणीकडे जायला रात्री साडेदहाला कोणती ऑटो पकडते, याचा विचार नियम करणाऱ्याने केलेला नसतो.

नागपूरने या प्रश्नाचा विचार वेगळ्या पद्धतीने करून दाखवलेला आहे, आणि तोही या चित्रपटाच्या सतरा वर्षे आधी. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया हजर होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे भाषण केले, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांची नेमणूकही त्याच महिन्यातली आहे. त्या परिषदेत घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधाचा ठराव झाला, आणि त्याच्याच जोडीला गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी मागणी करण्यात आली: वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, दुखापत झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना १५ रुपये निवृत्तिवेतन.

हे दोन ठराव एकाच मांडवात झाले ही गोष्ट मला विलक्षण वाटते. त्या बायकांनी घर आणि काम यांची फारकत केली नाही. नवऱ्याने टाकल्यावर किंवा दुसरी केल्यावर बाईला लागणारा कायदा त्यांनी मागितला आणि यंत्रात बोट सापडल्यावर लागणारा पैसाही मागितला. त्यांच्याही आयुष्यात प्रेम होते, फसवणूक होती, बाळंतपणे होती, मृत्यू होते. त्या कथांवर दहा मेलोड्रामा निघाले असते. त्यांनी त्या दुःखातून मागणी घडवली, आकड्यांसकट. न्यूयॉर्कच्या त्या चकचकीत कचेरीतल्या एकाही मुलीच्या तोंडी रजेचा शब्द येत नाही, आणि विडी वळणाऱ्या बाईला तो १९४२ साली सुचला होता.

सुचण्यामागे अनुभव होता. जाईबाई चौधरी यांचे उदाहरण नागपूरकरांनी तरी विसरू नये. उमरेडकडच्या, महार कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहून पोट भरले. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली, पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी आपली मुले काढून घ्यायला सुरुवात केली आणि ती नोकरी गेली. पुढे त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. काम करणाऱ्या स्त्रीची गोष्ट सांगताना तिला नोकरीवरून कोण काढू शकतो हा प्रश्न विचारला, तर जातीचा मुद्दा टाळताच येत नाही. कॅरोलाइनच्या जगात सगळ्या मुली गोऱ्या आहेत, म्हणून तो चित्रपट वर्गाविषयी थोडेफार बोलतो आणि वंशाविषयी अजिबात बोलत नाही. आपल्याकडे आजही खोली दाखवताना आडनाव विचारले जाते, मग गाव, मग स्वयंपाकात काय काय करता. एका मुलीला फाटकाच्या वेळेचा त्रास असतो, आणि दुसरीला त्या फाटकाच्या आतच घेतले जात नाही. 'मुलींची सुरक्षितता' या एका शब्दप्रयोगाखाली दोघींचे प्रश्न झाकले जातात.

सत्यजित राय यांचा 'महानगर' हा १९६३ सालचा बंगाली चित्रपट मी नेगुलेस्को यांच्या चित्रपटाशेजारी मुद्दाम ठेवतो. त्यात आरती ही मध्यमवर्गीय सून घर चालेना म्हणून दारोदार विणकामाची यंत्रे विकण्याची नोकरी धरते. घरात सासऱ्यांचा अबोला आहे, नवऱ्याची असूया आहे, त्याची नोकरी जाण्याचा धक्का आहे. म्हणजे मेलोड्रामाला लागणारे सगळे साहित्य आहे. पण निर्णायक क्षण घरात घडत नाही. एडिथ या अँग्लो-इंडियन सहकारी मुलीला अन्यायाने कामावरून काढले जाते आणि घरातली एकमेव कमाई हातात असताना आरती त्याचा जाब विचारून राजीनामा देते. एका नोकरदार स्त्रीने दुसऱ्या नोकरदार स्त्रीसाठी काय करावे, हा प्रश्न त्या चित्रपटाला पडला. फॅबियन पब्लिशिंगमध्ये एप्रिलला मुख्य संपादकांनी त्रास दिला तेव्हा तिच्या मैत्रिणी तिची समजूत घालतात, तिला जपतात, तिच्याबरोबर हसतात. वरिष्ठाला जाब विचारण्याचा विचार कुणालाच शिवत नाही. जाब विचारायला जागाच नव्हती हे त्याचे कारण आहे.

आपल्याकडे ती जागा निर्माण झाली. राजस्थानात भंवरीदेवींवर १९९२ साली अत्याचार झाला, त्यातून निघालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून देणारा विशाखा निकाल दिला, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती हवी, असे तो सांगतो. मोठ्या कंपनीत या समितीची पाटी भिंतीवर तरी दिसते. दुकानात, दवाखान्यात, शिकवणी वर्गात, जिथे मालक, त्याचा भाऊ आणि चार मुली एवढेच जग असते, तिथल्या मुलीला आपल्यासाठी जिल्ह्याची समिती आहे हे ठाऊक असायला हवे, तिचा पत्ता माहीत हवा आणि तक्रार करायला तीन महिन्यांची मुदत असते हेही माहीत हवे. ही माहिती मेट्रोच्या डब्यात, एसटी स्थानकावर, आणि आठवडी सुट्टीच्या दिवशी मुली जिथे जमतात तिथे मराठीत मोठ्या अक्षरांत लावण्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतले तर महिन्याभरात होणारे हे काम आहे.

बसण्याचा प्रश्नही तसाच आहे. केरळमध्ये कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी दिवसभर उभे ठेवण्याविरुद्ध आंदोलन केले, आणि २०१८ साली त्या राज्याने दुकानातल्या कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. तामिळनाडूने २०२१ साली तसेच केले. साडीच्या दुकानात दसरा-दिवाळीच्या गर्दीत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या मुलीला विचारले तर ती आपल्या प्रेमभंगाआधी कदाचित आपल्या टाचांविषयी बोलेल.

राहण्याचा प्रश्न मात्र माहितीच्या पाटीने सुटणारा नाही. तिथे इमारती बांधाव्या लागतील. नोकरदार महिला वसतिगृहाची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे आणि आता ती 'सखी निवास' या नावाने ओळखली जाते. या योजनेत आकारायच्या शुल्काची मर्यादा पगाराशी बांधलेली आहे: एकटीच्या खोलीला एकूण पगाराच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, दोघींच्या खोलीला १० टक्के, सामायिक खोलीला साडेसात टक्के. नागपुरात खासगी खोलीत राहणाऱ्या आणि बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या मुलीने आपल्या पगाराचा किती भाग भाड्याला जातो हे या आकड्यांशी ताडून पाहावे. अशी वसतिगृहे सीताबर्डीपासून तासाभराच्या अंतरावर रिकाम्या भूखंडावर बांधली जाऊ नयेत. ती मेट्रो स्थानकाच्या पायी अंतरात हवीत, खापरी आणि हिंगण्याच्या बाजूला हवीत, रुग्णालयांच्या जवळ हवीत. त्यांत रात्रपाळीची मुलगी दिवसा झोपू शकेल अशी व्यवस्था हवी. आणि त्यांच्या फाटकाशी कुलपाऐवजी चोवीस तास जागा असलेला पगारी पहारेकरी हवा, ज्याचे काम येणाऱ्या मुलीसाठी दार उघडण्याचे असेल. तिने कितीला यावे हे ठरवणे त्याच्याकडे नको.

इथे कुणी म्हणेल की मग मुलींनी काहीही करावे काय. हा प्रश्न विचारणाऱ्यांना ग्रेगचा मृत्यू आठवत असतो. त्यांनी तो चित्रपट पाहिलेला नसला तरी त्या कथेची कुठली तरी आवृत्ती त्यांच्या मनात असते. माझे उत्तर असे आहे की विशीतली मुलगी प्रेमात पडेल, कधी चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडेल आणि रडेल, जसा विशीतला मुलगा पडतो आणि रडतो. मुलाच्या अशा चुकीनंतर त्याची नोकरी, खोली आणि गावातले नाव शाबूत असते. मुलीच्या चुकीनंतरही ते शाबूत राहावे. ज्या शहरात फसवणूक झालेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते, खोलीतून काढले जात नाही आणि डॉक्टर तिची विचारपूस करताना तिच्या लग्नाची चौकशी करत नाही, तिथे मेलोड्रामाला तिला जिन्यावरून पाडण्याची गरज उरत नाही.

सगळ्या चित्रपटात मला सर्वांत जास्त आठवते ती अमांडा फॅरो. जोन क्रॉफर्ड यांनी १९३०च्या दशकात कितीतरी कष्टकरी मुलींच्या नायिका-भूमिका केल्या होत्या. या चित्रपटाच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे पती अल्फ्रेड स्टील वारले, आणि जिथे पूर्वी त्यांचे नाव सर्वांच्या वर असायचे तिथे त्यांनी ही दुय्यम भूमिका केली. अमांडा एका विधुराशी लग्न करून, त्याची मुले सांभाळायला नोकरी सोडून जाते. तिची खुर्ची कॅरोलाइनला मिळते. मग काही दिवसांनी अमांडा परत येते. आता आपल्याला हे जमणार नाही, फार उशीर झाला, एवढेच ती सांगते, आणि तिच्या कामावर परत रुजू होते. पटकथेच्या मते ही तिची हार आहे. पण क्रॉफर्डचा चेहरा वेगळे काही सांगतो. कामाची सवय, त्यातली हुकमत, आणि आपण कुठे उपयोगी आहोत याची खात्री असलेली बाई आपल्या टेबलापाशी परत आली आहे, आणि तिच्यासाठी तेच घर आहे, असे मला त्या दृश्यात दिसते.

अशा फॅरोबाई नागपुरात खूप आहेत. बर्डीच्या दुकानात वीस-पंचवीस वर्षे काउंटर सांभाळणाऱ्या, लग्न न झालेल्या किंवा होऊन मोडलेल्या, मालकाच्या मुलाला ज्यांनी धंदा शिकवला अशा. खासगी दवाखान्यात रिसेप्शनवर केस पिकलेल्या. तरुण मुलींच्या रक्षणाची चर्चा करताना या बायका आपल्या नजरेतही येत नाहीत, कारण त्यांच्या बाबतीत आता कुणाला प्रेमाची किंवा चारित्र्याची चिंता वाटत नाही. त्यांना चिंता आहे ती साठीनंतरची. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो; सहा माणसांच्या दुकानातल्या बाईला तो सहसा मिळत नाही. ज्यांना त्यातून निवृत्तिवेतन मिळते त्यांच्यासाठी २०१४ साली किमान रक्कम ठरली ती महिना १००० रुपये. लहान दुकानांतल्या, दवाखान्यांतल्या आणि वर्गांतल्या स्त्रियांसाठी राज्याने वेगळा निधी उभारावा, त्यात मालकाने, कामगाराने आणि शासनाने आपापला वाटा घालावा आणि वीस वर्षे काम केलेल्या बाईला त्यातून जगण्याइतके मासिक वेतन मिळावे, ही मागणी आज कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळक नाही. ती नागपुरातून पुन्हा उठायला हवी. २० वर्षांची नोकरी आणि १५ रुपये, असा तिचा पहिला मसुदा इथेच मंजूर झालेला आहे.